आफ्रिकन पिट्टा: डिसेंबरमध्ये कुठे जायचं आणि गचपणात तो शोधायचा कसा?

करडा_धोबी

मंडळी, आफ्रिकन पिट्टा (पिट्टा अँगोलेन्सिस) या रंगीत, लाजाळू जंगली पक्ष्याबद्दल जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे.

बेत असा आहे: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दहा दिवस. केनियाच्या किनाऱ्यावर वाटामूला मुक्काम, पहाटे गेडी या जुन्या शहराच्या अवशेषांतली झाडी, मग अराबुको-सोकोके जंगल. वेळ उरला तर त्सावो अभयारण्य. गेडीला हा पक्षी सर्वांत सोपा मिळतो असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

प्रश्न चार:

१. जागा आणि महिना जुळतात का?
२. पक्षी जमिनीवर चरणारा आहे, म्हणजे नजर पूर्ण वेळ खालीच ठेवायची का?
३. प्लेबॅक (पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावणं) वापरावा की नाही?
४. ५०० मिमी एफ/५.६ लेन्स जंगलातल्या उजेडात पुरेल का?

---

सातभाई

तिकिटं काढली नसतील तर थांबा. जागा बरोबर आहे, महिना उलटा आहे.

गेडीला दिसतो तो पिट्टा तिथला रहिवासी नव्हे, पाहुणा. या पक्ष्याचे तीन उपप्रकार आहेत. पुलिह हा गिनी-सिएरा लिओनपासून पश्चिम कॅमेरूनपर्यंत. अँगोलेन्सिस हा तिथून खाली वायव्य अंगोलापर्यंत. या दोघांच्या मागे फारसं कोणी जात नाही, त्यांची जंगलं घनदाट आणि वाटा अवघड. आपल्या कामाचा तिसरा, लाँगिपेनिस. नावाचा अर्थच ‘लांब पंखांचा’, आणि ते लांब पंख उगाच नाहीत. तो स्थलांतर करतो. दक्षिणेकडे पाऊस सुरू झाला की तो टांझानियाचा नैऋत्य भाग, झांबिया, मलावी, झिम्बाब्वे, मोझांबिक या पट्ट्यात उतरतो, पिल्लं वाढवतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत विषुववृत्ताकडे सरकतो. काँगोचं खोरं, युगांडा, केनियाचा किनारा हे त्याचं विणीबाहेरचं घर.

म्हणून गेडी आणि अराबुको-सोकोके साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर या काळातच. तेव्हाही तो तिथे गप्प असतो, कॉल देत नाही. अवशेषांच्या भिंतींमधल्या पाचोळ्यात चरताना दिसला तर दिसला. डिसेंबरमध्ये तिथे जाल तर छान जुन्या भिंती पाहून याल.

डिसेंबरचा दुसरा आठवडा मात्र झांबेझीच्या खोऱ्यासाठी सोन्यासारखा आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत पहिला दमदार पाऊस होतो, त्याच्यासोबत नर येतात आणि लगेच कॉल द्यायला लागतात. हा गोंगाट नाताळच्या आसपास ओसरतो. जोड्या जमल्या, घरटी लागली की नर गप्प, आणि गप्प पिट्टा गचपणात असला काय, नसला काय, सारखंच. म्हणजे खरा हंगाम तीन-चार आठवड्यांचा. तुमची तारीख त्याच्या मधोमध पडते, फक्त देश बदला.

पर्याय तीन:

झांबिया. पोहोचायला सर्वांत सोपं. लुसाकाहून चिरुंडूच्या रस्त्याने खाली उतरायचं. चिरुंडूच्या अलीकडे सियावोंगाला फाटा फुटतो, त्या परिसरातलं मुटुलांगांगा हे दाट झुडपी जंगल पिट्टासाठी प्रसिद्ध आहे. सियावोंगा करिबा तलावाकाठी आहे, राहायला बरं, पण जंगलापासून लांब पडतं. मुक्काम चिरुंडूच्या बाजूला केलात तर पहाटेचा तासभर वाचतो, आणि इथे तासभर म्हणजे निम्मी सकाळ. चिरुंडू ही सीमेवरची चौकी असल्यामुळे घाटात जड ट्रकांची रांग असते. अंधारात तो घाट उतरू नका.

मोझांबिक. काया या गावाच्या दक्षिणेला कटापू हे वनक्षेत्र आहे, तिथे म’फिंग्वे कॅम्पवर राहायची सोय. त्याच पट्ट्यात कुताडा १२ हे शिकारीसाठी राखलेलं रान. बेइराला विमानाने उतरून इन्शोपेमार्गे गाडीने जायचं, अंतर चारशे किलोमीटरच्या वर. पूर्ण दिवस धरा. जंगल अप्रतिम, पिट्टासोबत इतरही दुर्मीळ पक्षी मिळतात, पण पाऊस जोरात झाला की आतल्या मातीच्या वाटा साबणासारख्या होतात. फोर बाय फोर नसेल तर विचार सोडा.

झिम्बाब्वे. उत्तरेकडच्या डांडे भागातलं मसोका. पक्षी चांगला मिळतो, वाट लांब आणि कच्ची. हत्ती-म्हशींचं रान आहे, सोबत बंदूकधारी गाइड हवाच.

दहा दिवसांत पहिल्यांदाच जाणार असाल तर झांबिया. चार पहाटा फक्त पिट्टासाठी राखून ठेवा. दोनच ठेवल्या आणि त्यातली एक वादळी पावसात गेली तर पंचाईत.

---

पाचोळा

सातभाईंशी महिन्याबाबत पूर्ण सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण बहुतेक लोक नेमके इथे चुकतात.

नजर खाली ठेवायची की वर, हे तो कॉल देतोय की नाही यावर ठरतं. चरताना जमिनीवर, कॉल देताना झाडावर. जमिनीवरचा पक्षी म्हणून लोक पाचोळा चाळत बसतात आणि तो डोक्याच्या वर आडव्या फांदीवर बसून गात असतो. गात असतो म्हणजे काय, गाणं नाहीच ते. बेडकाने दचकून एकदाच ‘प्र्रूप’ करावं तसा आखूड, फुटल्यासारखा आवाज. मग थांबतो. मग पुन्हा एक. पहिल्यांदा ऐकणारा माणूस तो आवाज पक्ष्याचा आहे हेच धरत नाही.

कॉलसोबत त्याचं प्रदर्शन चालतं. नर आडव्या फांदीवर उभा राहतो, छाती-पोट फुगवतो, त्यामुळे पोटाचा लाल गोळा समोरून एकदम दिसतो. मग फांदीवरून जेमतेम हातभर सरळ वर उसळतो, आवाज करतो, गोल पंख फडफडवत तरंगत त्याच फांदीवर परत उतरतो. सगळं दोन सेकंदांत. उडी मारली की फांदीची पानं हलतात, तीच खूण. वारा नसताना एकच फांदी हलली आणि थांबली, तर दुर्बीण तिथे.

आवाज जवळचा वाटतो आणि दिशा कळत नाही. जंगलात शिरून आवाजाच्या मागे धावलं की तो गप्प होतो. त्यापेक्षा हे करा:

– कडेच्या वाटेवरच थांबा. तिघं असाल तर तीस-चाळीस पावलांच्या अंतराने उभे राहा. कॉल आला की प्रत्येकाने हात सरळ करून आपल्याला वाटेल ती दिशा दाखवायची, हात खाली घ्यायचा नाही. तीन हातांच्या रेषा जिथे मिळतात तिथे पक्षी. दोन-तीन कॉलमध्ये अंतराचा अंदाज येतो.
– अंतर पन्नास मीटरच्या खाली आलं की एकानेच आत जायचं, गाइडने. पाऊल टाकायचं ते कॉलच्या पाठोपाठ, मधल्या शांततेत नाही.
– वीस मीटरवर खाली बसा. बसल्यावर गचपणाखालची मोकळी पोकळी दिसते, उभ्याने फक्त पानांची भिंत.
– मग हलू नका. कमीत कमी पंधरा मिनिटं.

वेळ: उजाडल्यापासून पहिले दोन तास सर्वांत चांगले, मग मावळतीच्या आधीचा तास. आभाळ भरून आलेलं आणि बारीक झिमझिम असेल तर दिवसभरही कॉल देतो. लख्ख ऊन पडलं की आठ-नऊलाच कारभार आटोपतो. डिसेंबरमध्ये चिरुंडूकडे साडेपाचला आणि कायाकडे पाचलाच सूर्य उगवतो. दोन्हीकडे घड्याळ एकच आहे, पण काया बरंच पूर्वेला. तेव्हा ‘सहाला निघू’ म्हणणारा ड्रायव्हर बदला.

गप्प पक्षी शोधायचा झाला तर कानाने पाचोळा ऐका. तो टुणटुण उड्या मारतो, थांबतो, चोचीने पान उलटून बाजूला फेकतो, वाळवी, मुंग्या, गोगलगाय, गांडूळ असं उचलतो, पुन्हा पुतळ्यासारखा उभा. त्यामुळे पाचोळ्याचा आवाज तुटक येतो: दोन खस्‌खस्‌, मग बराच वेळ काहीच नाही. सरड्याचा आवाज सरपटता असतो, थ्रश जातीचे पक्षी पाचोळा भराभर उकरतात. बिचकला तर बहुधा लांब पळत नाही. जवळच्या फांदीवर उडतो आणि पाठ करून गोठतो. हिरवी पाठ, हिरवी पानं. उडताना काळ्या गोल पंखावर पांढरा ठिपका चमकतो, तो दिसला तर तो उतरलेली फांदी डोळ्यात धरून ठेवा.

---

टिटवी

प्लेबॅकवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

विणीच्या काळात वापरूच नये असं माझं स्पष्ट मत. तीन-चार आठवड्यांत त्याला जागा धरायची, मादी मिळवायची, घरटं लावायचं असतं. त्याच मुटुलांगांगात रोज वेगवेगळी टोळकी येऊन भोंगा वाजवणार, तर त्याने खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायचं की ब्लूटूथ स्पीकरशी? आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तो आपणहून कॉल देतोच आहे. न वाजवता मिळणारा पक्षी वाजवून मिळवण्यात काय शहाणपण?

घरट्याबद्दलही सांगते, कारण नकळत त्याच्यापाशी उभं राहण्याची चूक होते. पक्षी जमिनीवरचा असला तरी घरटं जमिनीवर नसतं. काटेरी झाडात, बरेचदा डोक्याच्या जरा वर, दोन-चार मीटरवर काटक्या आणि सुक्या पानांचा वेडावाकडा गोळा, बाजूने तोंड. पुरात वाहून आलेला कचरा फांदीत अडकलाय असंच वाटतं. अंडी बहुधा तीन. असा गोळा दिसला आणि आसपास पिट्टा तोंडात किडा धरून घुटमळताना दिसला, तर तुम्ही त्याच्या वाटेत आहात. मागे फिरा, फोटो नको, जागेचा जीपीएस तर कुठेही टाकू नका.

---

पाचोळा

टिटवीताई, तत्त्व मान्य. पण एक व्यवहार: तिथले गाइड बहुतेक वेळा स्वतःच वाजवतात, पाहुणा खूश व्हावा म्हणून. त्यामुळे नुसतं ‘मी वापरणार नाही’ पुरत नाही, आदल्या संध्याकाळी गाइडला तसं स्पष्ट सांगावं लागतं. आणि शेवटच्या पहाटेपर्यंत काहीच कानावर पडलं नाही, तर दोन कॉल, थांबा, पाच मिनिटांनी आणखी दोन, की फोन खिशात. उत्तर आलं की लगेच बंद. घरटं असल्याची शंका असेल तिथे हेही नाही.

---

टिटवी

पाचोळादादा, गाइडला आधी सांगायचं हा मुद्दा पटला. ‘शेवटची पहाट’ हा अपवाद नाही पटला, सगळ्यांचीच कुठली ना कुठली पहाट शेवटची असते. असो.

---

दुर्बीणवाला

चौथा प्रश्न. ५०० एफ/५.६ पुरेल, पण सेटिंग दोन वेगवेगळी लागतील, ती आधीच कॅमेऱ्याच्या कस्टम बटणांवर बसवून ठेवा.

शांत उभा पक्षी: शटर १/१६० ते १/२५०, आयएसओ ३२०० ते ६४००, मोनोपॉड. ट्रायपॉडचे तीन पाय गचपणात पसरतच नाहीत, आणि पसरवताना जो खडखडाट होतो तोवर पक्षी पुढच्या तालुक्यात.

उडी: शटर १/१००० च्या खाली आणलंत तर पंखांच्या जागी धूर. आयएसओ १२८०० वर जाईल, जाऊ द्या. दाणेदार फोटो साफ करता येतो, हललेला नाही. सायलेंट शटर मोहात पाडतं, पण ज्या कॅमेऱ्याचं सेन्सर वाचन संथ आहे त्यात उडणारे पंख वाकडे, रबरासारखे येतात. उडीला मेकॅनिकल शटर, तेही तीन-चार फ्रेमच्या छोट्या झटक्यांत. उभ्या पक्ष्याला सायलेंट.

फोकस सर्वांत लहान एका बिंदूवर. डोळा ओळखणारा फोकस इथे दगा देतो, कारण डोळा काळ्या पट्ट्यात बुडालेला असतो आणि पुढे दहा काटक्या असतात. उडी जिथून मारतो ती फांदी एकदा सापडली की तिच्यावर मॅन्युअल फोकस करून ठेवा. तो तिथेच उतरतो.

एक्स्पोजर उणे १/३ ते उणे २/३. त्याचा गळा फिकट आणि भुवई रुंद, फिकट पिवळसर. काळोख्या पार्श्वभूमीला कॅमेरा फसतो आणि हे दोन्ही भाग जळून पांढरेफेक होतात. रॉ मध्येच काढा, पानांतून गाळून आलेल्या उजेडामुळे सगळ्यावर हिरवी झाक येते. ती घालवताना पांढऱ्या गळ्यावर बेतून सुधारायची, पोटाच्या लाल रंगावर नाही, नाहीतर पोट केशरी होतं आणि पक्षी भलताच दिसतो. फ्लॅश नको.

एसी खोलीतून बाहेर आलात की लेन्स वाफाळते आणि अर्धा तास आंधळी राहते. कॅमेऱ्याची बॅग रात्री एसी नसलेल्या जागी ठेवा, नाहीतर निघण्याआधी बंद बॅगेतच बाहेर आणून ठेवा.

दुर्बीण ८ बाय ४२, १० बाय ४२ नाही. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, १० ने भागलं की ४.२. पहाटे पावणेसहाला गचपणात हा फरक जाणवतो. जवळचा फोकस तीन मीटरच्या आत हवा.

---

रानजाई

मध्येच विचारते: आपला नवरंग आणि हा एकच का? फोटोत फार सारखे दिसतात.

---

सातभाई

एकच वंश, वेगळी जात. नवरंग म्हणजे पिट्टा ब्रॅकियुरा. सोपा फरक डोक्यावर: नवरंगाचा माथा फिकट तपकिरी आणि मधून काळी रेघ, आफ्रिकनचा माथा पूर्ण काळा आणि दोन्ही बाजूंना रुंद फिकट भुवया. बाकी हिरवी पाठ, आखूड शेपूट, खांद्या-कमरेवरचे निळे ठिपके, पोटाखाली लाल, हा घराण्याचा थाटच आहे. जगात चाळीसहून जास्त पिट्टे आहेत, बहुतेक आग्नेय आशियात. आफ्रिकेच्या वाट्याला दोनच.

गंमत म्हणजे ‘पिट्टा’ हा शब्द तेलुगू आहे, साधा अर्थ छोटा पक्षी. १८१६ मध्ये व्हिएयो या फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञाने वंशाला ते नाव दिलं, आणि त्याच वर्षी आफ्रिकन पिट्टाचं वर्णनही त्यानेच केलं. अंगोलाच्या पक्ष्याचं आडनाव आंध्रातलं.

---

करडा_धोबी

सगळ्यांचे मनापासून आभार. केनिया रद्द, झांबिया पक्कं. आता दोन शंका. पाऊसच उशिरा आला तर? आणि दहापैकी चार दिवस युगांडात घालून किबालेच्या जंगलातला हिरव्या छातीचा पिट्टाही करता येईल का?

---

सातभाई

पाऊस: तारखेपेक्षा पाऊस बघा. निघण्याआधी दहा दिवस खोऱ्यातल्या पावसाची नोंद रोज पाहत राहा. एखादी सर पुरत नाही, जमीन भिजून पाचोळ्याखाली किडे वर यायला हवेत. पाऊस लांबला तर कॉलही लांबतात, म्हणजे तुमच्या दुसऱ्या आठवड्याला उलट भर हंगाम मिळू शकतो. खरी अडचण पाऊस लवकर येऊन मध्येच खंड पडला तर. कोरड्या दिवसांत कॉल पहाटेच्या अर्ध्या तासावर येतात. अशा वेळी ओढ्याकाठची ओलसर झाडी धरा.

जंगल ओळखायला शिका, म्हणजे नेहमीच्या जागी काही नसेल तर बाजूची जागा स्वतः निवडता येते. झांबेझी खोऱ्यात ज्याला जेसी बुश म्हणतात ते कॉम्ब्रेटमचं झुडपी जंगल: वरून बंद, आत काळोख, खाली मात्र गवत नाही, नुसता पाचोळा. हेच हवं. गवत वाढलंय म्हणजे ऊन पोहोचतंय, तिथे पिट्टा नसतो. कोळशासाठी नाहीतर शेतीसाठी मधली झाडं काढली की दोन पावसाळ्यांत तिथे गवत येतं, आणि बाहेरून हिरवंगार दिसणारं ते रान पिट्टाच्या दृष्टीने संपलेलं असतं. जात म्हणून त्याला अजून धोका नाही, पण खोऱ्यातले हे तुकडे एकेक करून असेच जातात.

जेसीत दहा मीटरवरचा हत्तीही दिसत नाही. ताजं शेण, ओली मोडलेली फांदी दिसली की कॉल कितीही जवळ असो, परत वाटेवर या.

---

रानजाई

किबाले मी सांगते. हिरव्या छातीचा पिट्टा (पिट्टा रायकेनोवाय) दक्षिण कॅमेरूनपासून युगांडापर्यंतच्या जंगलांत राहतो आणि किबालेत तो बाराही महिने असतो. ओळख नावातच आहे: आफ्रिकनची छाती पिवळसर, याची हिरवी. आफ्रिकन पिट्टाही विणीबाहेर युगांडात येतो, म्हणून छाती पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.

कंपालाहून फोर्ट पोर्टल सुमारे ३०० किलोमीटर, डांबरी रस्ता. किबालेचं केंद्र कान्यांचू. तिथे चिंपांझी पाहणाऱ्यांची गर्दी सकाळी आठच्या सुमारास सुरू होते, पिट्टाचा कारभार तोवर संपत आलेला असतो. त्यामुळे पिट्टासाठी वेगळी, अंधारातली फेरी आधी सांगून ठरवावी लागते. साधी बर्डिंगची परवानगी काढून पहाटे गेटवर उभं राहिलं की रेंजर नसतो, आणि रेंजरशिवाय आत सोडत नाहीत. सूर्योदय पावणेसातच्या आसपास, तुम्ही सहाच्या आत जंगलात असायला हवं.

हाही आडव्या फांदीवर छोटी उडी मारतो, पंखांचा ‘प्रर्र’ असा आवाज येतो. कॉल नसेल त्या दिवशी रेंजर पाचोळ्याच्या आवाजावर शोधतात, दोन-तीन तास लागतात. पँटचे पाय मोज्यांत खोचा. पिट्टा बघताना उभे असता त्याच वाटेवर सियाफू या झुंडीने फिरणाऱ्या चावऱ्या मुंग्यांची रांग असते आणि त्या चावायला लागेपर्यंत गुडघ्याच्या वर पोहोचलेल्या असतात.

कागदपत्रं: युगांडात शिरायला पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो. म्हणजे आदल्या आठवड्यात लस घेऊन चालत नाही. युगांडाहून झांबियात जाताना तोच दाखला पुन्हा दाखवावा लागतो, बॅगेच्या तळाशी टाकू नका.

क्रमही असाच ठेवा, आधी युगांडा, मग झांबिया. किबालेचा पक्षी कुठे जात नाही, पण झांबेझीच्या पावसाला जितका वेळ द्याल तितका बरा.

---

दुर्बीणवाला

फसवणारे दोन पक्षी सांगून ठेवतो. नरिना ट्रोगॉन: हिरवी पाठ, लाल पोट, त्याच जंगलात. पण तो पिट्टाच्या दीडपट, शेपूट लांब, आणि मधल्या उंचीवर ताठ बसतो. दुसरा गॉर्जस बुशश्राइक: हिरवा, लाल गळा, त्याखाली काळा पट्टा, पिवळं पोट. हाही गचपणात लपतो, म्हणून पानांतून रंगाचा तुकडा दिसला की लोक ‘पिट्टा!’ ओरडतात. लाल कुठे आहे ते पाहा. गळ्याला लाल तो बुशश्राइक, पोटाखाली लाल तो पिट्टा. आणि बुशश्राइकचा आवाज ठणठणीत, ‘काँग-काँग-कोइट’ असा, बेडकासारखा अजिबात नाही.

---

टिटवी

एक शक्यता लक्षात असू द्या. हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि उजेडाला भुलतात. लॉजच्या व्हरांड्यात नाहीतर काचेखाली पिट्टा पडलेला सापडतो, विशेषतः ढगाळ रात्रीनंतर. मेला असं समजून फेकू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधारात आणि शांत ठेवा. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तासाभराने खोकं दाट झाडीच्या कडेला नेऊन, जमिनीवर ठेवून उघडा आणि मागे व्हा. हवेत उडवू नका. पंख लोंबत असेल तर मात्र लॉजवाल्यांकडून जवळच्या वन्यजीव खात्याला कळवा. आणि रात्री व्हरांड्यातला दिवा बंद करायला सांगा, तेवढं सहज होतं.

---

करडा_धोबी

उत्तम. शेवटचं एक: कपडे आणि औषधं? निळे-काळे ड्राय-फिट शर्ट आहेत, चालतील ना?

---

पाचोळा

नाही चालणार. खोऱ्यात त्सेत्से माशा आहेत आणि त्यांना निळा आणि काळा रंग ओढतो. त्यांना पकडायचे कापडी सापळे नेमक्या याच दोन रंगांचे शिवतात, म्हणजे तुम्ही चालता-बोलता सापळा होणार. खाकी, मातकट, फिकट हिरवा घ्या, कापड जाड. पातळ ड्राय-फिटमधून त्सेत्से आरामात चावते, त्यातून काटे वाघनखासारखे वाकडे, बाही फाटली की अडकून बसाल आणि झटापटीत पक्षी जाईल. अडकलात तर पुढे ओढू नका, एक पाऊल मागे या, काटा आपोआप सुटतो.

पावसाचा हंगाम म्हणजे मलेरियाचाही. गोळ्या कुठल्या ते डॉक्टरांनाच विचारा, पण वेळापत्रक आत्ताच समजून घ्या: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परत आल्यावरही सात दिवस चालू ठेवावी लागते, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. डॉक्सिसायक्लिनने काहींची त्वचा उन्हात भाजते. पहाटे गचपणात ते कळत नाही, अकराला उघड्या गाडीत कळतं.